माहेरचं दुखणं आणि धाकटीचं स्थळ

(नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझं वय 36. सासर इंदिरानगरला, माहेर पंचवटीत. आई 62 वर्षांची, माळकरी. दर पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला ती नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पायी जायची. गेल्या पौषात सातपूरच्या पुढे तिचं पाऊल उचलेना. धाप लागायची, पायांना मुंग्या यायच्या, जमिनीवर कापूस अंथरल्यासारखं वाटायचं. हिमोग्लोबिन 6.4 निघालं, बी-12 अगदी तळाला. दुर्बिणीच्या तपासात जठराचं अस्तर झिजलेलं दिसलं आणि अँटिबॉडीची एक चाचणी पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी ‘पर्निशियस अ‍ॅनिमिया’ असं निदान केलं. इंजेक्शनांनी दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 11 वर आलं आणि आईने इंजेक्शनं बंद केली. एक तर ‘सवय लागते’ म्हणून, आणि दुसरं म्हणजे ती कलेजीपासून बनवतात असं तिला कुणीतरी सांगितलं. सासूबाई म्हणतात, अंडी खायला लागा, सगळं ठीक होईल.

आजी पन्नाशीत ‘अंगातलं रक्त आटून’ गेली. मावशीला कोड आहे. मामाच्या मुलाला अकराव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. मला थायरॉइड आहे, गोळी 50 वरून 125 वर गेली. आता 27 वर्षांच्या धाकट्या बहिणीला पुण्याचं चांगलं स्थळ आलं आहे. मामा म्हणतो, यातलं काही बोलू नका आणि साखरपुड्याला मावशीला आणू नका. आमच्या रक्तातच खोट आहे का? बहिणीची जनुकीय तपासणी आधी करून घ्यावी का? मुलाकडच्यांना सांगावं का? मला आठ वर्षांची मुलगी आहे, तिचं काय?

---

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात प्रश्न दिसले, दुसऱ्या वाचनात प्रश्नांचा क्रम. स्थळ, तपासणी, सांगायचं की लपवायचं यावर तुम्ही पानभर लिहिलंय. आईंचं इंजेक्शन बंद झालंय ही गोष्ट मात्र एका ओळीत उरकलीय. मी उलट क्रमाने घेतो. स्थळाचं उत्तर चार दिवस उशिरा दिलं तरी चालेल. इंजेक्शनाला तेवढाही वेळ नाही.

आपल्या जठराच्या अस्तरात पॅरायटल नावाच्या पेशी असतात. त्यांच्याकडे दोन कामं असतात: आम्ल तयार करायचं आणि ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं एक प्रथिन सोडायचं. अन्नातलं बी-12 या प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जातं आणि तिथे रक्तात उतरतं. हात धरणारं कुणी नसेल तर जवळपास सगळं तसंच बाहेर पडतं. आईंच्या बाबतीत शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेनेच या पेशी मारल्या आहेत. म्हणून अंड्याचा सल्ला, सासूबाईंची माया मान्य करूनही, इथे लागू पडत नाही. आई रोज डझनभर अंडी खाऊ लागल्या तरी उणीव भरून निघणार नाही. माळ उतरवायचं तर कारणच नाही.

‘सवय लागते’ हे मी चाळीस वर्षं ऐकत आलोय. सिन्नरकडे कुणी नातेवाईक असतील तर आईंना आठवण करून द्या: विहीर आटली म्हणून टँकर येतो, टँकर येतो म्हणून विहीर आटत नाही. दोन महिने टँकर आला, हंडे भरले, हिमोग्लोबिन 11 झालं. विहीर अजून कोरडीच आहे. निरोगी माणसाच्या यकृतात बी-12 चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो आणि दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे तो साठा काही वर्षं पुरतो. आईंचा साठा तळाला गेला होता. थोडा भरलाय, तो पुन्हा उतरणार.

आणि उतरताना रक्ताआधी मज्जातंतूंना धक्का बसू शकतो. पायांच्या मुंग्या, कापसावर चालल्याची भावना या तक्रारी पायाकडून मेंदूकडे खबर नेणाऱ्या तंतूंच्या आहेत. ही इजा वेळेवर थांबवली तर बरीचशी भरून येते, पण महिने लागतात. फार लांबवली तर काही भाग कायमचा राहतो. आई घरात कुठली ‘रक्तवाढीची गोळी’ घेत असतील तर तिच्यात काय आहे ते वाचा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जारज्जूची इजा मात्र आतल्या आत चालू राहते. अहवाल बघून सगळे निर्धास्त होतात, हीच त्यातली फसगत.

बी-12 आणि फॉलिक अ‍ॅसिड या दोन जीवनसत्त्वांची वाट वेगळी आहे हे कळायला आपल्या मुंबईचाही हात लागलाय. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांचा अ‍ॅनिमिया तपासू लागल्या. रक्ताचं चित्र पर्निशियस अ‍ॅनिमियासारखंच, पण त्या आजारावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडेना. यीस्टच्या अर्काने मात्र त्या बऱ्या झाल्या. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचंच जीवनसत्त्व, हे पुढे समजलं. दिसायला एक, कारण दुसरं.

कलेजीची शंका मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिला इतिहास आहे. 1926 मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घालून या आजारातून उठवलं. त्यासाठी व्हिपल यांच्यासह दोघांना 1934 चं नोबेल मिळालं. पुढे कित्येक वर्षं यकृताच्या अर्काची इंजेक्शनं दिली जात आणि मीही ती दिली आहेत. आईंना ज्यांनी सांगितलं त्यांनी ती जुनी गोष्ट ऐकली असणार. 1948 मध्ये शुद्ध बी-12 वेगळं काढता आलं आणि आज बाजारात मिळणारं बी-12 जिवाणूंकडून, आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार होतं. विरजण लावून दही करतो, त्याच जातीचं काम. हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलेलं बरं. लेकीचं म्हणणं आई ऐकून घेते, पण तेवढ्याने दंड पुढे करत नाही.

इंजेक्शनाचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. साधारण रीत अशी, की सुरुवातीला लागोपाठ किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, नंतर महिन्या-दोन महिन्यांनी, जन्मभर. मज्जातंतूंची तक्रार असेल तर सुरुवातीचा जोराचा टप्पा लांबवतात. रोज 1000 मायक्रोग्रॅमची गोळी हाही एक मार्ग आहे, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतलं सुमारे एक टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषलं जातं आणि तेवढं दिवसाला पुरतं. पण पायांवर परिणाम झालेला असताना मी तरी आधी इंजेक्शनच म्हणेन. गोळीचा विषय सहा-आठ महिन्यांनी, डॉक्टरांशी बोलून.

आता ‘रक्तातली खोट’.

आधी नावाचं बघू. ‘पर्निशियस’ म्हणजे घातक. जर्मन डॉक्टर बीरमर यांनी 1872 मध्ये हे नाव रूढ केलं तेव्हा ते खरं होतं. उपाय नव्हता आणि माणसं जात. तुमच्या आजी त्यातल्याच होत्या का, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. अंगातलं रक्त आटायला जंतांपासून अल्सरपर्यंत पन्नास कारणं असतात. पण उपाय सापडून शंभर वर्षं होत आली तरी नाव तेच राहिलं आणि मामांच्या छातीत धडकी भरवतंय ते बहुधा हे नावच.

तुमच्या माहेरात चार-पाच वेगवेगळे रोग नाहीत. कोड, लहानपणी सुरू होणारा टाइप 1 मधुमेह, थायरॉइडचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आणि आईंचा आजार, हे सगळे एकाच गोत्रातले आहेत. प्रत्येकात संरक्षण यंत्रणा आपल्याच अवयवाला परका समजते. कोडात कातडीच्या रंगपेशींना, मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशींना, तुमच्यात थायरॉइड ग्रंथीला, आईंमध्ये जठराला. तुमच्या थायरॉइडचं कारण हेच आहे का ते अँटिबॉडीच्या चाचणीने कळेल, पण या घरात शक्यता मोठी आहे.

मग हे गोत्र जनुकांतून येतं का? काही अंशी, हो. 2021 मध्ये युरोपातल्या 2,166 रुग्णांच्या जनुकांची साडेसहा लाखांवर निरोगी लोकांशी तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पर्निशियस अ‍ॅनिमियाशी जोडलेल्या जनुकांतल्या पाच जागा सापडल्या. त्यातली एक एचएलए भागात आहे. आपलं कोण आणि परकं कोण याची ओळखपत्रं संरक्षण पेशींना दाखवण्याचं काम हा भाग करतो. दुसरी पीटीपीएन-22 नावाची. हेच जनुक टाइप 1 मधुमेह, थायरॉइड आणि कोड या आजारांतही सापडलंय. तुमच्या मावशी, मामेभाऊ, आई आणि तुम्ही एका ओळीत का दिसता, याचं एक कारण अशा सामायिक जनुकांत असू शकतं. तिसरी एआयआरई. छातीत थायमस नावाची छोटी ग्रंथी असते, ती म्हणजे टी-पेशींची, संरक्षण यंत्रणेतल्या सैनिकांची, देवळाली. आपल्या देवळालीच्या तोफखाना शाळेत तोफ चालवायला शिकवतात, तसं आपल्या माणसांवर गोळा पडू नये हेही शिकवतातच. एआयआरई हे जनुक थायमसमध्ये शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांचे नमुने पेशींपुढे ठेवतं. जी पेशी त्यांच्यावर चाल करून जाते, तिला बहुतेक वेळा तिथेच बाद केलं जातं. या शिक्षणात कच्चं राहिलं की पुढे गोंधळ होतो.

पण यातली प्रत्येक जागा शक्यतेचा काटा थोडासाच हलवते. हीच जनुकं घेऊन असंख्य माणसं नव्वदीपर्यंत ठणठणीत जगतात. कोडाबद्दल 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांकडे पाहिलं गेलं. दोघांची जनुकं अगदी सारखी असूनही एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण 23 टक्केच होतं. जनुकांची झेरॉक्स काढूनही चारातल्या तिघांना जे होत नाही, त्याला ‘रक्तातली खोट’ म्हणायचं का? आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, कल. जमिनीला उतार असतो म्हणून प्रत्येक पावसात पाणी घरात शिरत नाही.

म्हणून बहिणीची जनुकीय तपासणी नको. हजारो रुपये घेऊन एक जाडजूड अहवाल मिळेल, त्यात ‘धोका सरासरीपेक्षा अधिक’ असं लिहिलेलं असेल आणि ते तर माहेरची हकीकत ऐकून मीही फुकट सांगतो. त्या अहवालाने उपचारात काही बदलणार नाही, लग्नाच्या बोलण्यांत मात्र तो कागद कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. अपवाद एकच. बी-12 शोषणाचे काही दुर्मीळ आजार एकाच जनुकाच्या दोषाने होतात आणि ते लहान मुलांत दिसतात. आई-वडील दोघांकडून दोष आला तरच ते होतात, म्हणून मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत त्यांचा विचार करावा लागतो. बासष्टाव्या वर्षी दुखणं आलेल्या तुमच्या आईंचा त्याच्याशी संबंध नाही.

बहिणीने करावं ते साधं आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12. तीन ओळींची चिठ्ठी. हे लग्नाच्या पात्रतेचं प्रमाणपत्र म्हणून करू नका, तिचं तिला कळावं म्हणून करा. उद्या दिवस राहिले तर थायरॉइड आणि बी-12 दोन्ही आधीपासून जागेवर असलेली बरी. शिवाय शाकाहारी घरातली मुलगी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-12 कमी होतं. म्हणजे बहिणीचं कमी निघालं तर लगेच ‘आईचंच आलं’ म्हणून रडू नका. आपल्याकडे ते कमी निघायला ताटच पुरतं.

हे इतर वाचकांसाठीही. महाराष्ट्रात ज्यांचं बी-12 कमी निघतं त्यातल्या बहुतेकांना हा आजार नसतो. आहार, मधुमेहावरची मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेतलेली अ‍ॅसिडिटीची गोळी, ही कारणं आधी पाहायची. शंका घ्यावी ती अशा वेळी: आहार बरा असून बी-12 पुन्हा पुन्हा तळाला जातं, लोह कितीही घेतलं तरी चढत नाही, जीभ लाल गुळगुळीत होते, किंवा घरात थायरॉइड-कोड-इन्सुलिन अशी साखळी आहे. तेव्हा डॉक्टरांना इंट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटिबॉडीबद्दल विचारा. ती पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं. निगेटिव्ह आली तर मात्र सुटका झाली असं नाही, कारण रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ती सापडतच नाही. आणि रक्त इंजेक्शन घेण्याआधी द्या. आधी सुई, मग तपासणी केली की आकडे झकास येतात आणि निदान हरवतं. हे मी फार पाहिलंय.

तुमचं स्वतःचं राहिलं. थायरॉइडची गोळी 50 वरून 125 वर गेली हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. वजन, गरोदरपण, गोळीबरोबर घेतलेला चहा किंवा कॅल्शियम, अशी साधी कारणं असू शकतात. पण जठरात आम्ल कमी झालं की ही गोळी नीट शोषली जात नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. थायरॉइड आणि जठर यांची ही जोडी डॉक्टरांना जुनी ठाऊक आहे. पुढच्या खेपेला सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-12 करून घ्या आणि आईंचं निदान डॉक्टरांना सांगा. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, तिने थायरॉइडचे आकडे बिघडतात. आठ वर्षांच्या मुलीचं आज काही तपासू नका. फार तहान लागणं, सारखी लघवी, वजन उतरणं, उंची थांबणं, असं काही दिसलं तरच. नाहीतर तिला शाळेत जाऊ द्या.

आता स्थळ. ‘सांगावं का’ असं तुम्ही विचारता, पण कुणाचं काय सांगायचं ते आधी वेगळं करू. आईंचं दुखणं आईंचं आहे. मावशींचं कोड मावशींचं आहे, आणि ते तर चेहऱ्या-हातांवर उघड आहे. बहिणीला आज कुठलाही आजार नाही. म्हणजे लपवायला तिच्यापाशी काही नाहीच. तिच्यापाशी आहे ती माहिती, आणि ती कधी, कुणाला, किती सांगायची हे तिने ठरवावं. मामांनी नाही, तुम्हीही नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात बहिणीला काय वाटतं याचं एकही वाक्य नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

माझं मत विचाराल तर तिने मुलालाच, दोघं गंगापूर रोडला कॉफीला भेटतील तेव्हा, साध्या शब्दांत सांगावं: ‘माझ्या आजोळी थायरॉइड, कोड, असे आजार आहेत. मला सध्या काही नाही. तुमच्याकडे काय काय आहे?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पुण्याच्या त्या घरातही कुणाला तरी बीपी, कुणाला तरी साखर असणारच. यावर मुलगा उठून गेला तर वाईट वाटेल, मी ते नाकारत नाही. काही घरं जातातही. पण जे घर कोडाच्या नावाने मागे फिरतं, ते लग्नानंतर तिच्या थायरॉइडच्या पहिल्या अहवालावर काय बोलेल याचा विचार मामांनी केलाय का?

मावशींना साखरपुड्याला न आणण्याबद्दल मला वाद घालायचाच नाही. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मावशींना पहिलं बोलावणं जाऊ द्या.

शिवाय एक वही घाला. पंचवटीत, त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कित्येक पिढ्यांची नावं सापडतात, पण कोण कशाने गेलं ते त्यात नसतं आणि लेकींच्या बाजूची ओळ तर बहुतेक कोरीच. तुमच्या घराची साखळी नेमकी आईकडून आलीय. मावशी, मामा, आजी, मामेभाऊ, प्रत्येकापुढे दुखणं आणि ते सुरू झालं तेव्हाचं वय. एक पान पुरेल. आजीच्या वेळी असं पान असतं तर आईंचं निदान पायांना मुंग्या येण्याआधी झालं असतं, असं मी म्हणत नाही. किमान कुणीतरी शंका घेतली असती.

आईंच्या जठराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, घाबरू नका. या आजारात जठराच्या गाठी आणि कर्करोग यांची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. दुर्बिणीची तपासणी पुन्हा कधी, ते पोटाच्या डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. मधेच वजन उतरलं, काळी शी झाली, जेवण जाईनासं झालं, तर तारखेची वाट पाहू नका.

येत्या पौषात आई त्र्यंबकला चालत जातील का, मला सांगता येणार नाही. सुई चालू राहिली तर सातपूर ओलांडायला हरकत नसावी, पुढचं त्यांच्या पायांनी ठरवावं. तोवर त्यांच्या मोरीत एक बैठं स्टूल ठेवा आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. तळपायाची जाण कमी झालेला माणूस डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तो तिथेच पडतो. रात्री संडासच्या वाटेवरचा दिवाही चालू राहू द्या.